ज्याचं खातं, त्याची किल्ली

भाऊजींनी धाकटीला कंपनीतून हाकललं ते भर हॉलमध्ये, सगळ्यांदेखत. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण राग डोक्यात गेला की कुठे थांबायचं ते माणसाला कळत नाही. आधी त्यांनी तिला चोर म्हटलं. मग तिच्याच टेबलावर वाकून, तिच्याच माऊसने, तिचं खातं बंद केलं. स्क्रीनवर एक लांबलचक इशारा आला. तो भाऊजींनी वाचला नाही. वाचणार कसे? तो इतका कंटाळवाणा असावा की कुणी वाचूच नये, असं त्यांनीच एकदा बजावून तो लिहून घेतला होता. त्यांनी 'हो' दाबलं. 'नक्की?' असं विचारलं गेलं, तेव्हा पुन्हा 'हो' दाबलं आणि मान वर करून म्हणाले, "चला, ब्याद गेली."

धाकटीने आपली पिशवी उचलली.

"थांब," भाऊजी म्हणाले. "पिशवी बघून घ्या हो तिची."

दारावरचा रखवालदार पुढे आला. हा रोज सकाळी उठून उभा राहायचा आणि 'आलात का मॅडम' म्हणायचा. त्याने पिशवीत हात घातला. पाण्याची बाटली, स्वेटर, चष्म्याचं घर, डब्यातला चमचा. तिच्यापेक्षा त्याचाच चेहरा जास्त पडला होता. हॉलमधली झाडून सगळी माणसं आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसली होती. धाकटी जिना उतरून खाली आली तेव्हा तिचे कान इतके तापले होते की रस्त्यावरचे आवाज तिला लांबून आल्यासारखे वाटले.

धाकटी म्हणजे भाऊजींची मेहुणी. केसांत पांढरं दिसायला लागलं तरी घरात ती धाकटीच, आणि घरातलं नाव कंपनीतही चिकटलं. लहानपणी आई गेली, तेव्हापासून थोरल्या बहिणीने, ताईने, तिला वाढवलं. वेणी घालायची ती ताई, ताप आला की उशाशी बसायची ती ताई, आणि शाळेत बाई रागावल्या तर शाळेत जाऊन बाईंनाच रागावून यायची तीही ताईच. ताईचं लग्न झालं तशी धाकटीही तिच्या घरी राहायला गेली, आणि तिथल्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने ते सॉफ्टवेअर लिहिलं. ताई भांडी आवरता आवरता म्हणायची, "अगं, निदान हात तरी धू."

हे सॉफ्टवेअर म्हणजे धंदेवाल्यांसाठी उभारलेली एक तयार जागा होती. बस डेपो असो, छापखाना असो, शीतगृह असो, ज्याने त्याने तिथे यावं, आपल्या धंद्याला लागतील तशा स्क्रीन जोडाव्यात, आपले नियम घालावेत, आपली माहिती भरावी आणि कामाला लागावं. वेगळा प्रोग्रामर ठेवायला नको. फक्त एक मेख होती. हे सगळं धाकटीने बनवलेल्या घरगुती भाषेत लिहिलं जायचं, आणि ती भाषा जगात दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरला कळायची नाही. आत घातलेलं बाहेर काढायचं तर कागदावर छापून घ्यायचं आणि दुसरीकडे हाताने पुन्हा भरत बसायचं. सपोर्टमधली पोरं आपापसांत त्याला 'सासर' म्हणायची. वाजतगाजत आत यायचं, मग नांदायचं. नांदवत नसेल तरी नांदायचंच.

विकायचं काम भाऊजींचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तर ते पूर्ण खरं नाही, कारण विकणं ही काही येरागबाळ्याची गोष्ट नव्हे. भाऊजी गिऱ्हाइकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, आणि गिऱ्हाईक जाताना सही करून जायचं. पुढे एका छापखान्याने सोडून जायचं ठरवलं. सपोर्टमधल्या कुणा मवाळ माणसाने त्यांना त्यांची माहिती हळूच काढून दिली. भाऊजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीला बोलावून ते म्हणाले, "जो जाईल त्याचं खातं बंद. खातं बंद झालं की त्याच्या नावाने जे जे बनलंय ते सगळं सील. उद्या पस्तावून परत आला तर ज्याचं खातं त्यानेच आपल्या पासवर्डने उघडावं. आपल्या माणसांनाही ते उघडता येता कामा नये. आपली माणसं मवाळ असतात."

धाकटीने ते बनवून दिलं, आणि चोख बनवलं. काम वाईट असलं तरी ते वाईट करायला तिला जमत नसे. ताईच्या नवऱ्याला नाही म्हणायचं म्हणजे ताईलाच नाही म्हणण्यासारखं होतं, आणि ताईला ती जन्मात नाही म्हणाली नव्हती.

मग पायवाल्या बाई आल्या. हे नाव हॉलने ठेवलेलं. त्यांचा कृत्रिम पाय बनवायचा कारखाना होता. कुणाचा उरलेला पाय कुठे टोचतो, कुणाला टाच किती उंच लागते, कोण डावीकडे कलून चालतं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं या सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं. त्यांना सोडून जायचं होतं. भाऊजी त्यांना गोड हसून म्हणाले, "बाई, माहिती तुमचीच आहे हो. फक्त ती आमच्या भाषेत आहे."

बाई उठून बाहेर पडल्या. जिन्यात त्यांनी धाकटीला गाठलं. "पोरी, मापं माणसांची आहेत, आणि ती माणसं माझ्याकडे येतात. ती तुझ्या साहेबांची कुठून झाली?"

धाकटीला लाज वाटली. त्या दिवसापासून तिने एक दार करायला घेतलं. म्हणजे प्रोग्रामच, पण ती त्याला दार म्हणायची. ते उघडलं की ज्याचं त्याला, कुठेही चालेल अशा साध्या रूपात, आपलं सगळं बाहेर नेता येणार होतं. दार जवळजवळ पुरं झालं होतं आणि नेमकं तेव्हाच भाऊजींना कळलं. हॉलमध्ये काय झालं ते वर आलंच आहे.

चहाडी कुणी केली याबद्दल धाकटीच्या मनात शंका नव्हती. सपोर्टचा मुख्य होता, त्याला सगळे हॅलोदादा म्हणायचे, कारण समोर उभ्या माणसाशीही तो 'हॅलो' म्हणूनच बोलायला सुरुवात करायचा. दोनदा तो तिच्या खुर्चीमागे येऊन घुटमळला होता. मेल्याने घात केला, असं ती घरी जाईपर्यंत मनात म्हणत राहिली.

घर म्हणजे भाड्याची खोली. आताशा ती वेगळी राहायची. येऊन तिने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि ताईच्या फोनची वाट बघत बसली. ताई फोन करणारच. करून म्हणणार, 'काय गं, ह्यांचं डोकं फिरलंय, तू आधी जेव.' फोन वाजला नाही. शेवटी ती भांडी घासायला उठली. ताटली विसळता विसळता तिचा हात एकदम थांबला.

भाऊजींनी तिचं खातं बंद केलं होतं.

आणि खात्याच्या नावाने जे जे बनलं असेल ते ते दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू होताना सील होतं.

कंपनीत दुसरं कुणी नव्हतं त्या काळात तिने काय काय बनवलं होतं? लॉगिनची स्क्रीन. ती घरगुती भाषा वाचणारा गाभा. बिलं, परवानग्या, सगळ्यांच्या पायाखालची फरशी. सगळं तिच्या नावावर. दुसऱ्या कंपनीत ते केव्हाच कंपनीच्या नावे केलं असतं. इथे कधीतरी तिने विषय काढला होता, तर भाऊजी म्हणाले होते, "आता काय घरातल्या घरात वाटण्या करायच्या?"

एक फोन करायचा अवकाश होता. 'भाऊजी, सील व्हायच्या आत खातं पुन्हा चालू करा, नाहीतर उद्या सगळं बसेल.' तिने हात पुसले, फोन हातात घेतला. आणि तिला रखवालदाराचा हात आठवला, तिच्या पिशवीत चाचपणारा. तिने फोन ठेवला आणि उरलेली भांडी घासली, नेहमीपेक्षा जास्त लख्ख. तिला आनंद होत होता. काळा असेल, पण आनंद होता. क्षमा करावी म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. त्यांच्या पिशव्या कुणी तपासलेल्या नसतात.

सकाळी पहिला फोन हॅलोदादाचा.

"हॅलो, मॅडम, हॅलो. कुणालाच आत जाता येत नाहीये. गिऱ्हाइकांना नाही, आम्हालाही नाही."

"चोराला कशाला विचारता?"

"असं काय बोलता मॅडम... 'मालकाचं खातं बंद आहे, कृपया मालकाशी संपर्क साधावा' एवढंच येतंय हो स्क्रीनवर."

"मग साधा की."

"मालक म्हणजे साहेब ना? तर साहेबांनाही तेच दिसतंय."

धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी पोटातून हसली. "हॅलोदादा, तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे राहून काय बघत होता, ते साहेबांना दाखवा. त्यातून काही मार्ग निघतो का बघा." आणि तिने फोन ठेवला.

कंपनीने काय काय नाही केलं! जुनी प्रत काढून लावली. तीही उघडल्या उघडल्या विचारायला लागली, मालक कुठे? बाहेरून तज्ज्ञ आणला. त्याने दिवसभर कॉफी पीत काम बघितलं आणि जाताना म्हणाला, "हे ज्याने केलंय त्याला माझा नमस्कार सांगा." वकील आणला. वकिलाने शांतपणे विचारलं, "बाईंनी काही मोडलं का? काही नेलं का?" नाही. "खातं कुणी बंद केलं?" भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. वकील म्हणाला, "मग फिर्याद कुणावर करायची, ते तरी सांगा."

बाहेर बस डेपोवाले हाताने पाळ्या लिहीत होते. शीतगृहात कुठल्या खोलीत कुणाचा माल आहे ते कुणाला सांगता येईना. कंपनीतले फोन थांबता थांबेनात. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, तसं ते अखेर उघडलं. त्यांनी स्वतः फोन केला.

"अगं, घरातली भांडणं अशी चव्हाट्यावर आणतं का कुणी?"

"चव्हाट्यावर मी आणली?"

"बरं, झालं गेलं सोड. तू ये, खातं उघड. तुला वेगळी केबिन देतो."

"नको."

"संचालक करतो. पाटीवर तुझं नाव माझ्या वर लावतो."

"भाऊजी, मला दोनच गोष्टी हव्यात. दार सगळ्या गिऱ्हाइकांना उघडायचं. आणि त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर तुम्ही म्हणायचं, ही चोर नाही."

भाऊजी दाराला तयार झाले. रडतखडत, पण झाले. कारण त्यांची मनातून खात्री होती की लोक त्यांना सोडून जाणार नाहीत. इतक्या जणांच्या आयांचे गुडघे विचारले होते. दुसऱ्या गोष्टीला मात्र ते अडले. "मी म्हणतो की गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही. 'ही चोर नाही.'"

"शब्दात काय ठेवलंय?"

"काहीच नाही ना? मग म्हणा."

त्यांनी फोन ठेवला. गंमत बघा, माणूस केबिन देईल, खुर्ची देईल, पाटीवरची वरची जागा देईल, पण एक वाक्य देणार नाही. धाकटीला ते बरोबर ठाऊक होतं. म्हणूनच तिने ते मागितलं होतं.

मधेच पायवाल्या बाईंचा फोन आला, तेव्हा मात्र ती चरकली. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे एक जण बसलाय. त्याचा पाय मोडलाय, म्हणजे मी बनवून दिलेला. मापं आत अडकलीत."

"बाई, तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता जाऊन उघडते."

"खुळी आहेस का? मी त्याला प्लास्टर गुंडाळून नवीन साचा काढतेय. चार शिव्या देईल, पण पाय मिळेल त्याला. मी फोन केला तो हे सांगायला, की माझ्यासाठी म्हणून सैल सोडू नकोस. त्या गोड हसणाऱ्याला चांगला घाम फुटू दे." मागून एक पुरुष ओरडत होता, प्लास्टर गार आहे म्हणून. "गप बस रे," बाई त्याला म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ताईचा फोन मात्र नाहीच. धाकटीने मनाची समजूत काढली. भाऊजींनी तिचे कान भरले असतील. तिची कोंडी केली असेल. एकदा भाऊजींनी सगळ्यांसमोर ते वाक्य म्हटलं की ताईही ऐकेल, आणि मग सगळं पूर्वीसारखं होईल. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी ती जी अडून बसली होती, ती हॉलसाठी नव्हेच. हॉलचं तिला काय पडलं होतं? ताईला कळायला हवं होतं, की तिने वाढवलेली पोर चोर नाही.

शेवटी भाऊजींनी निरोप धाडला, ये.

धाकटी गेली. रखवालदार उठून उभा राहिला आणि नेहमीचे शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडेनात. तिने आपणहून पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. "बघा." त्याने दोन्ही हात मागे घेतले. हॉलमध्ये सगळी माणसं उभी होती, कारण बसून करण्यासारखं कुणाकडे काही काम उरलं नव्हतं. पुढे भाऊजी होते, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या शेजारी खुर्चीवर ताई होती. ताई कंपनीत कधी यायची नाही. बरं झालं, तिने मनात म्हटलं, आता समोरासमोरच ऐकेल.

भाऊजींनी घसा साफ केला. "मंडळी, त्या दिवशी घाईगडबडीत काही शब्द बोलले गेले..."

"कुणाकडून?" धाकटीने विचारलं.

"माझ्याकडून. काही शब्द—"

"कुठले?"

भाऊजींनी रुमाल काढला. "हे बघ, सगळ्यांना माहीत आहे कुठले. उगाच कोळसा उगाळण्यात काय अर्थ आहे?"

"मी थांबते," धाकटी म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

सगळा हॉल थांबला. ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांवर धंदा केला त्याच्या घशातून एक वाक्य वर येईना. भाऊजी तोंड उघडायचे, मिटायचे. कान लाल झाले होते. त्या दिवशी तिचे झाले होते तसेच, हे धाकटीने बघून घेतलं आणि डोळे भरून बघितलं. घाई तिला नव्हतीच. असं वर्षभर बसायला सांगितलं असतं तरी ती बसली असती.

"मी सांगते," ताई म्हणाली.

ती उठून उभी राहिली. पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

"ती चोर नाही. आणि ह्यांनी तिला म्हटलं, पण तो शब्द ह्यांचा नाही. माझा आहे." ताईचा आवाज फुटत होता, तरी ती थांबली नाही. "ती दार करतेय हे तिने एकट्या मला सांगितलं होतं. माझ्या घरी बसून, कपड्यांच्या घड्या घालता घालता, विश्वासाने. त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, धाकटी घरातच चोरी करतेय, तिला आवरा."

"ऐकलंत?" भाऊजी एकदम हुशारले. "मी काय एकटा—"

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली.

धाकटीने वळून हॅलोदादाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. इतके दिवस तिने या माणसाला मनातल्या मनात जाळला होता, आणि त्याने काही केलंच नव्हतं. मग तिने ताईकडे पाहिलं. राग तिने एकाच माणसाच्या नावाने नीट रचून ठेवला होता. तो आता उचलून दुसरीकडे न्यायचा, तर तो तिला उचलवेना.

"का?" तिने विचारलं. आवाज इतका लहान आला की मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

"तुझ्याकडे डोकं आहे गं. तू उद्या कुठेही जाऊन उभी राहशील. माझ्याकडे हे एवढंच आहे. दार उघडलं, गिऱ्हाइकं गेली, तर मी कुठे जायचं?" ताईने डोळे पुसले. "मी घाबरले. मला काय करायचं ते कर. पण हे उघड आता, बाहेर लोक ताटकळलेत."

धाकटी उठली. आपल्या जुन्या टेबलाशी गेली. पासवर्ड टाकताना तिची दोनदा चूक झाली. तिसऱ्यांदा उघडलं, आणि हॉलभर स्क्रीन एकेक करून जाग्या व्हायला लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून हात खाली घेतले.

"आधी आपली बिलं सुरू होतात का बघ," भाऊजी मागून म्हणाले.

धाकटीने दाराचा प्रोग्राम काढला. राहिलेला तुकडा तिथल्या तिथे लिहून पुरा केला, एकदा चालवून बघितला आणि मोकळा सोडला. प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप गेला की तुमचं सगळं तुम्हाला हवं तिथे घेऊन जाता येईल, कुणाला विचारायची गरज नाही. पहिल्या पायवाल्या बाई गेल्या. मग शीतगृह, मग शाळेचे गणवेश शिवणारे, मग सोडून गेलेला आणि पस्तावून परत आलेला तो छापखानासुद्धा. हॅलोदादा समोरच्या स्क्रीनवर बघून हळू आवाजात एकेकाचं नाव सांगत होता. दर नावागणिक भाऊजी एकेक पाऊल मागे सरकत भिंतीपर्यंत गेले.

"सगळेच नेतायत," ते म्हणाले. "निदान निरोप घ्यायला तरी फोन..."

तेवढ्यात फोन आला. बस डेपोचा होता. हॅलोदादाने ऐकून घेतला आणि रिसीव्हर हाताने झाकून म्हणाला, "हॅलो, साहेब. करार संपवायचाय म्हणतात. अजून दोन लाइनवर थांबलेत, तेही तेच म्हणतायत."

"आणि आमचं?" भाऊजींनी धाकटीला विचारलं. "कंपनीचं स्वतःचं जे आत आहे त्याचं काय?"

"ते उघडंच ठेवलंय," धाकटी म्हणाली. "कंपनीच्या नावावरही करून दिलंय सगळं. सांभाळा. कुणी नेणार नाही."

भाऊजी खाली बसले. ज्या खुर्चीवर ती थांबली होती तीच त्यांना सापडली. धाकटीला हे दृश्य कितीदा तरी मनात दिसलं होतं. भांडी घासताना दिसलं होतं, आंघोळ करताना दिसलं होतं. प्रत्यक्षात ते तिने धड बघितलंही नाही. पिशवी घेऊन ती बाहेर पडली. रखवालदार 'येता ना मॅडम' म्हणाला, त्यालाही तिने मान डोलावली नाही.

ताई मागोमाग पळत आली. लिफ्टच्या दाराशी तिने तिला गाठलं आणि दारापुढे आडवी उभी राहिली.

"धाकटे, शिव्या दे. हात उचल माझ्यावर. काय वाटेल ते कर, पण बोल. मी तुला कडेवर घेऊन फिरलेय गं."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ताईच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. क्षणभर असं वाटलं, तिच्या खांद्यावर डोकं टाकावं आणि मोठ्याने रडावं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं. ताई नको तिथे घाबरते हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि या वेळीही ती घाबरलीच होती, हेही तिला पटलं होतं. पण ज्या एका माणसापाशी तिला आपण चोर नाही हे सिद्ध करायचं होतं, त्या माणसाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. भाऊजींना शिक्षा करायला तिला अख्खी कंपनी बसवावी लागली होती. ताईला काय लागेल, ते तिला तिथल्या तिथे उमगलं.

लिफ्ट आली. दार उघडलं.

"बाई, जरा बाजूला होता का? मला खाली जायचंय."

ताई बाजूला झाली.